ठसकेबाज वहिनी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून मला तोंडातलं पानसुद्धा लपवता येत नाही! माझा धंदाच बोलण्याचा. लातूर, औसा, निलंगा — लग्न कुठलंही असो, सूत्रसंचालन माझं. नवरीच्या मामाला रडवतो, रुसलेल्या व्याह्यांना हसवतो. मग लपवलं काय? सांगतो. पण सांगताना माझाच मला संताप येतो, बघा.

औशात शमीम आपांचं बांगड्यांचं दुकान आहे. आमच्या घरातल्या सगळ्या बायका तिथंच बांगड्या भरतात. मागं आपांनी मोबाइलवर व्हिडिओ टाकायला सुरुवात केली — कुठल्या साडीवर कुठल्या बांगड्या, नवरीचा चुडा कसा. आवाज घोगरा, मराठी-दखनीची खिचडी, पण ऐकतच राहावं असं बोलणं. लोक ऐकतही होते. व्हिडिओ माझेही होते. ते माझा मेहुणा बघायचा. तोही अर्धवट.

म्हणून — हो, म्हणूनच, दुसरं काही कारण नाही — मी ‘ठसकेबाज वहिनी’ या नावानं खोटं खातं उघडलं आणि आपांच्या व्हिडिओखाली लिहिलं, “ही बाई बोलतेय का गिरणीत ज्वारी पडलीय?”

काय हशा पिकला! हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. एवढी दाद मला कुठल्या मांडवात मिळाली होती? मग रोज एक टोमणा. लोक वहिनीला वाचायला यायला लागले आणि येताना आपापली घाण घेऊन आले — आपांच्या दातांवर, धर्मावर, वारलेल्या नवऱ्यावर. हरामखोर! पण पहिली काडी कुणी लावली? आणि ते सगळं वाचताना मी काय करत होतो? पुढचा विनोद जुळवत होतो.

दुकानासमोरून पोरं ‘घर्र घर्र’ करत जायला लागली. एक दिवस आपांनी मला आत बोलावलं, चहा दिला. “भाईजान, कुणाला बोलले न्हाई, तुमालाच सांगून राहिले. ही वहिनी कोन हाय, हुडका ना. मी तिचं काय बिघडवलं, तेवढंच इचारायचंय.”

“जाऊ द्या आपा, रिकामटेकडे लोक,” मी म्हणालो.

घरी आलो आणि लिहिलं, “गिरणीवाली आता माझा पत्ता हुडकून राहिली!”

थोड्या वेळानं त्याखाली आपांचं उत्तर आलं. “चहा गोड होता ना, भाईजान?”

लोकांना काही कळलं नाही. मला कळलं. आपांचे व्हिडिओ त्या दिवसापासून बंद.

परवा भाचीच्या लग्नात त्या चुडा भरायला आल्या. हात दाबताना पोरीला कळ जाणवू नये, म्हणून बांगड्या भरणारी सारखी बोलत असते. आपांनी शब्द काढला नाही. पोर कळवळली. “आपा, बोला की कायतरी,” बायका म्हणाल्या. आपांनी नुसती मान हलवली.

आणि मी? ती शांतता सोसेना म्हणून मी एक विनोद केला. सगळे हसले.