गाढवाच्या पोटातला कापूस

माझ्या थोरल्या बहिणीला एकाहत्तराव्या वर्षी एकच उद्योग आहे. ती लोकांची कापडी खेळणी दुरुस्त करते. फुटलेली अस्वलं, एका कानाचे ससे, पाठ उसवलेली कुत्री. ही लहान मुलांची असतील असं वाटलं तर ते चूक आहे. मुलाचं खेळणं फाटलं की आईबाप दुसरं आणतात. ताईकडे येतात ती मोठी माणसं. आपली पाळी येईपर्यंत ती बाकावर गुपचूप बसतात आणि खेळणं मांडीवर धरून ठेवतात.

मी अडतीस वर्षं बस डेपोत सीटा भरल्या. काथ्या, फोम, रेक्झिन, दाभण, सुतळी. बायको गेल्यावर ताईच्या वरच्या खोलीत राहायला आलो. खाली उतरायचं तर तिच्या कामाच्या खोलीतूनच जावं लागतं. सकाळी दूध आणायला निघालो की बाकावर एखादा टाय लावलेला इसम हत्ती घेऊन बसलेला असतो आणि मला नमस्कार करतो. हत्ती हातात असल्यामुळे नमस्कार नीट होत नाही. मी कुठे बघायचं ते मला अजून कळलेलं नाही.

ताई इस्पितळाच्या धुलाईखान्यात होती. तिथे शिवणाची वेगळी खोली असते. चादरी, अंगरखे, उशांचे अभ्रे, सगळं फाटतं आणि सगळं शिवावं लागतं. एकतीस वर्षं ती तिथे मशीनवर बसली. मुलांच्या वॉर्डातली खेळणी चादरींच्या गाठोड्यातून धुलाईला यायची, उकळत्या पाण्यातून निघायची आणि शिवणी सोडून द्यायची. ती शिवणं हे कुणाच्याच कामात लिहिलेलं नव्हतं. ताई चहाच्या सुट्टीत ती शिवायची. चहा गार व्हायचा. मग नर्स सांगायला लागल्या की अमक्या पोराने माकड धरलं आणि सुई टोचून घेतली, तमक्या आजोबांनी ऑपरेशनला जाताना तेच माकड पांघरुणात लपवून नेलं. आजोबा ब्याऐंशी वर्षांचे होते. ताई ही गोष्ट सांगते तेव्हा हसत नाही. मी हसलो होतो, तेव्हा तिने दोन दिवस माझ्या ताटात भाजी वाढली नाही.

तिची काम करण्याची पद्धत पाहिली की डोक्याला ताप होतो. खेळणं आलं की ती आधी कात्रीला हात लावत नाही. मालकाला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवते आणि सांगते, "रोज धरता तसं धरा." माणूस लाजतो, घसा खाकरतो, इकडेतिकडे बघतो आणि शेवटी धरतो. मग ताई बोटं जिथे टेकली तिथे खडूने खुणा करते. त्या जागा ती धूत नाही, त्यावर नवं कापड लावत नाही. आतला जुना कापूस काढला तर वेगळ्या पिशवीत भरते आणि ती पिशवी त्याच प्राण्याच्या पायाला बांधून ठेवते. काम संपताना जेवढा निघाला होता तेवढाच परत भरते. एका वकीलबाईंच्या हत्तीला एक डोळा नव्हता. मी डब्यातून तंतोतंत जुळणारा डोळा शोधून दिला.

"त्यांना तो नकोय," ताई म्हणाली.

"डोळा नकोय? हत्तीला?"

"त्यांच्याकडे आला तेव्हापासून नाहीये. तू कशाला लावतोस?"

त्या एका हत्तीवर तिने चार दिवस घालवले. चार दिवसांत मी बसची एक बाजू भरून दिली असती.

गेल्या साली तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, दोन महिने वाकायचं नाही, सुई ओवायची नाही. दारात माणसं येतच होती. मी म्हणालो, पाटी लावू. ती म्हणाली, "बारक्या, तू कर." सहासष्टाव्या वर्षीही मी तिचा बारक्याच आहे.

"पण माझ्या पद्धतीने करायचं," ती पुढे म्हणाली.

"कामाची पद्धत एकच असते. नीट."

"तुझं नीट मला माहीत आहे. तुझ्या सीटवर बसून माझं कंबरडं मोडलं होतं."

"तो रस्ता खराब होता."

"सीटच्या आत होता का रस्ता?"

तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. मी कामाला बसलो.

पहिल्या आठवड्यातच गाढव आलं. करड्या मखमली कापडाचं, हातभर लांब, मान फाटलेली आणि पोटातून काळपट गोळे बाहेर आलेले. घेऊन आली होती एक बाई. तिचे सासरे कारखान्यात मोठी क्रेन चालवायचे. दीड वर्षापूर्वी त्यांना झटका आला, बोलणं गेलं आणि उजवा हात मुठीत आखडला. व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी रबरी चेंडू दिला होता, तो त्यांनी कपाटाच्या आरशावर मारला. मग एकदा नातवाचं हे जुनं गाढव हाताला लागलं. ते त्यांनी मानेला धरलं आणि मूठ थोडी सैल झाली. तेव्हापासून दिवसभर ते मान दाबायचे आणि सोडायचे. हात उघडायला लागला होता.

"काका, लवकर द्याल ना?" ती म्हणाली. "फाटल्यापासून मी ते काढून ठेवलंय, आणि बाबा परत मूठ आवळून बसलेत. नखं तळव्यात रुततात. व्यायामाच्या बाई म्हणाल्या, असाच राहिला तर हात कायमचा आखडेल."

आतल्या खोलीत ताई डोळे मिटून पडली होती. तिथून तिचा आवाज आला, "बारक्या, त्यांना घेऊन या म्हणावं. धरतात कसं ते बघायला हवं."

मी "हो" म्हणालो आणि सुनेला काही सांगितलं नाही. आजारी माणसाला गाढवासाठी घराबाहेर काढायचं मला पटेना. फाटलंय ते दिसत होतं. त्यात बघायचं काय?

मी दोन दिवस मन लावून काम केलं. पोट उघडलं, आतला कापूस काढला. गुठळ्या झाल्या होत्या, मध्ये पोकळ, कडेला दगडासारखा. असा माल मी डेपोत एकाही सीटमध्ये ठेवला नसता. टाकून दिला. कापड साबणात दोनदा धुतलं, तेव्हा कळलं की ते मुळात करडं नव्हतं, निळं होतं. मान आतून पट्टी लावून मजबूत केली. नवा कापूस काठीने ठासून भरला, पायांच्या टोकापर्यंत. दुहेरी शिवण घातली, टाके मोजून, एका बोटाच्या रुंदीत सहा. गाढव टेबलावर चारी पायांवर उभं राहिलं. आयुष्यात पहिल्यांदा उभं राहिलं असावं. मी खूश होतो.

ती बाई घेऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. बाबा गाढव धरत नाहीत. हातात दिलं की खाली टाकतात. सकाळपासून भिंतीकडे तोंड करून बसलेत, जेवलेही नाहीत. मूठ उघडायला गेलं तर ओरडतात.

ताईने सगळं ऐकलं. काळा चष्मा लावून ती खाटेवर बसली होती.

"त्यांना बोलावलं होतंस?"

"नाही."

"धुतलंस?"

"मळलेलं होतं."

"आतला कापूस कुठे आहे?"

"कचऱ्याच्या गाडीत. परवा गेली."

तिने पायाने खाटेखालच्या चपला चाचपल्या. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मी जाते," ती म्हणाली आणि उठायला लागली.

"तुला वाकायचं नाहीये."

"मग कोण जाणार आहे?"

दाभण, वाकडी सुई, दोरा आणि एक रिकामी पिशवी घेऊन मी निघालो. काम चोख केलं होतं, आणि चोख केलेल्या कामाची माफी मागायला मी चाललो होतो. वाटेत मी स्वतःशीच बडबडत होतो. घर तिसऱ्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट नव्हती.

क्रेनवाले खिडकीजवळ खुर्चीत बसले होते. आडवा बांधा, मोठं डोकं. उजवा हात पोटाशी आवळलेला, बोटांखाली सुनेने कापडाची घडी सारलेली. गाढव खाटेखाली पडलं होतं, पाय वर करून, अगदी ताठ. मी ते उचललं आणि त्यांच्यासमोर स्टुलावर बसलो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की कारखान्यात त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्यांची मला दया आली.

"हे मी केलं," मी म्हणालो. "जास्त भरलं."

त्यांनी मान फिरवली.

मी मानेजवळची माझी दुहेरी शिवण उसवली. सहा-सहा टाक्यांची. एक मूठ कापूस काढून पिशवीत टाकला. सुनेने कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्याने त्यांची बोटं एकेक करून उघडली आणि गाढवाची मान आत ठेवली. बोटं आवळली, घसरली, गाढव खाली. पुन्हा एक मूठ काढली. पुन्हा खाली.

तिसऱ्या वेळी त्यांनी डावा हात उचलला. तर्जनी जमिनीकडे केली आणि हळूहळू फिरवली.

सून म्हणाली, "बाबा, काय हवंय? पाणी?"

मला कळलं. डेपोत इंजिन उचलायची लहान क्रेन होती, तिच्या खुणा सगळीकडे सारख्याच. बोट खाली करून फिरवलं की उतरव, हळू. वर केलं की उचल. तळवा समोर धरला की थांब. खाली उभा राहिलेला माणूस हाताने सांगतो आणि वरचा क्रेनवाला ऐकतो. हा माणूस तीस-पस्तीस वर्षं दुसऱ्यांचे हात बघून लोखंड उचलत होता. आता तो सांगत होता आणि मी वर बसलो होतो.

मी चिमूट काढली. बोट फिरत राहिलं. आणखी एक. बोट फिरतच होतं.

"आता काही उरत नाही त्यात," मी म्हणालो.

बोट थांबलं नाही. मी काढत गेलो. मान लुळी पडली. मग बोट एकदम वर झालं. थोडा कापूस परत घातला. "एवढा?" बोट वरच. आणखी घातला. बोट पुन्हा खाली. एवढ्याशा कापसासाठी माझ्या नाकी नऊ आले. शेवटी डावा तळवा माझ्यासमोर उभा राहिला.

सुनेने मान त्यांच्या हातात दिली. बोटं आवळली. या वेळी गाढव पडलं नाही. मग अंगठा हलला, आणि मूठ थोडी सुटली. पुन्हा आवळली, पुन्हा सुटली. त्यांनी गाढव नाकाशी नेलं, वास घेतला आणि कपाळाला आठ्या घातल्या. साबणाचा वास. त्याला आता माझ्याकडे इलाज नव्हता. पण त्यांनी ते फेकलं नाही.

सून ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. तिला तिथे काही काम नव्हतं.

मी सुई ओवली. "द्या आता. शिवून देतो."

त्यांनी दिलं नाही. मी गाढवाला धरून हलकेच ओढलं. त्यांनी पकड वाढवली.

"ओढू नका, काका," सून म्हणाली.

"मग शिवू कसं?"

मी स्टूल मागे सारलं. मी जमिनीवर गुडघे टेकले. त्यांच्या हातात गाढव, गाढवाच्या मानेवर त्यांची बोटं, आणि बोटांच्या फटीतून माझी वाकडी सुई. त्यांनी मूठ सोडली की मी एक टाका घालायचो आणि आवळली की थांबायचो. उजेड पाठीमागून येत होता, म्हणजे माझ्याच सावलीत माझं काम. एकदा सुई त्यांना टोचली. ते घशातून काहीतरी बोलले, बहुधा मला गाढव म्हणाले, पण हात काढला नाही. पाऊण तास लागला. हेच काम टेबलावर दहा मिनिटांचं आहे.

टाके वाकडे आले. काही लांब, काही आखूड. एका जागी कापड चुरगळलं ते तसंच राहिलं. अशी सीट मी डेपोतून बाहेर जाऊ दिली नसती.

भिंतीला धरून मी उठलो. सून म्हणाली, "केवढा त्रास दिला तुम्हाला."

"ही शिवण वर्षभर टिकेल, जास्त नाही," मी म्हणालो. "उसवली की यांना घेऊन या. गाढव एकटं पाठवू नका."

"बाबांना जिना उतरता येत नाही, काका."

"मग मला बोलवा," मी म्हणालो, आणि जिना उतरायला लागलो तेव्हा आपण काय बोलून बसलो ते दर पायरीला गुडघ्यांनी मला सांगितलं.