गिटारबाईचं दुसरं कडवं

गिटारबाई इतकं हळू बोलायची, की भाजीवालीला दर वेळी विचारावं लागायचं, "काय म्हणलाव?" आणि गायला लागली की आमच्या गच्चीवरची पारवं उडून थेट निलंग्याच्या बसस्टँडवर जाऊन बसायची.

मूळची नांदेडची, नोकरी बँकेत, आमच्या माडीवर भाड्यानं राहिलेली. पहिल्या दिवशी वरून आवाज आला तेव्हा मी सुनेला ओरडले, "मिक्सर जळला की गं!" सून म्हणाली, "आत्याबाई, त्याला रॉक म्हणतेत." तेव्हापासून आपल्याला रॉकमधलं कळतं, असं मी चारचौघींत सांगते.

तिची एक खोड मला फार आवडायची. ऐकता ऐकता ती मध्येच म्हणायची, "मग?" आमच्या घरात मला 'मग' विचारणारं कुणी उरलं नव्हतं. मी पेवाची गोष्ट काढली की सून कुकर लावायला उठते, मुलाला फोन येतो. ही मात्र तुरीच्या शेंगा सोलत समोर बसली, आणि मी सुटले.

रझाकारांची टोळी आमच्या माहेरच्या गावात शिरली, तेव्हा शेजारच्या चाँदबीनं माझ्या आईला आपल्या पेवात लपवलं. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातलं ज्वारीचं कोठार. पुढं पोलीस ॲक्शन झाली, वारं फिरलं, आणि बदला घेणारे चाँदबीच्या दारात आले. तेव्हा आईनं तिची लेकरं आमच्या पेवात उतरवली. त्यातला धाकटा, करीममामा, अजून आहे, इथंच आमच्या गल्लीत काठी टेकत हिंडतो. दोन्ही वेळा आधी दोरीला बांधून दिवा खाली सोडला होता. बंद पेवातली हवा वाईट. दिवा विझला तर माणसानं उतरायचं नसतं.

"मग?"

"मग काय, विझला न्हाई. म्हणून तर मी हाय, तुझं डोकं खायला."

तिनं त्याचं गाणं केलं. 'आधी दिवा सोडा, मग माणूस,' असं त्याचं ध्रुपद. पहिल्या कडव्यात माझी आई, दुसऱ्यात चाँदबीची लेकरं. मराठवाडा मुक्तिदिनाच्या कार्यक्रमात ती आणि तिची लातूरची मंडळी ते गाणार होती. समितीचे अप्पा शब्द तपासायला घरी आले. चहा पिऊन म्हणाले, "पहिलं कडवं लई भारी हाय. दुसरं गाळा. आजच्या दिवसाला ते कशाला?"

"दिवा दोनदा सोडला होता, अप्पा."

"काय म्हणलाव?"

तिनं पुन्हा सांगितलं. अप्पांना पुन्हा ऐकू आलं नाही.

मी पडले शूर बाई. अप्पा गेल्यावर म्हटलं, "गाळ की गं. आपल्याला ह्याच गल्लीत राहायचंय."

"काकू, तुम्ही मला अर्धीच गोष्ट सांगितली असती तर?" असं म्हणून ती गिटारीच्या तारा छेडत बसली. मग एकदम हसली. "तुम्हाला ओवी येते ना?"

दुसऱ्या दिवशी तिनं अप्पांना कळवलं, दुसरं कडवं नाही, मध्ये घरमालकीणबाईंची जात्यावरची ओवी आहे. अप्पा खूश. "आज्जीबाईची ओवी? असू द्या की! संस्कृती हाय." म्हातारीची ओवी कोण तपासतो?

कार्यक्रमाला मी इरकल नेसून स्टेजवर चढले. माझे गुडघे असे वाजले, की ड्रमवाल्याला वाटलं खूणच झाली. पहिलं कडवं दणक्यात झालं. मग सगळे थांबले आणि माझा गंजलेला रहाट सुरू झाला:

"फिरलेलं वारं बाई, चाँदबीच्या दारी गेलं,
दिव्याच्या मागं मागं पेवात लेकरू नेलं."

अप्पा मान डोलावत मांडीवर ताल धरून होते. 'चाँदबी' आली आणि त्यांचा हात हवेतच राहिला. पण साऱ्या गावासमोर म्हातारीला खाली कोण उतरवणार? मी पुढची ओळ विसरले आणि 'आधी दिवा सोडा' हेच म्हणत राहिले. पोरांना वाटलं, काकूंनी चाल बदलली. त्यांनीही तेच धरलं. मागच्या रांगेतून लोक म्हणायला लागले.

कार्यक्रम संपल्यावर करीममामा काठी टेकत माझ्यापाशी आले. डोळे पुसून म्हणाले, "पोरी, लई बेसूर गायलीस. पर पुरं गायलीस."

पुढं गिटारबाईची बदली धर्माबादला झाली. सामान टेम्पोत चढलं, ती पाया पडली, काहीतरी पुटपुटली. मी म्हटलं, "काय म्हणलाव?" दोघीही हसलो, आणि मग हसणं काही जमेना.

माडी आता रिकामी आहे, पारवं परत आलीत. मी पेवाची गोष्ट काढली की सून अजूनही कुकर लावायला उठते. फक्त हल्ली शिट्ट्यांच्या मधून स्वयंपाकघरातून तिचा आवाज येतो, "मग?"