शंभर पावलांना एक खडा

नलूबाय खारात, म्हणजे खाडीकाठच्या भातशेतीत, बांधावर चालायला निघाली की डाव्या खिशात खडे भरून घ्यायची. शंभर पावलं झाली की एक खडा उजव्या खिशात. मधे कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाय. बायका म्हणायच्या, "येडी हाय गो ती." मीही तेच म्हणालो होतो.

पेण आणि रोहा पुढं कुठवर पसरतील, यावर ती डॉक्टरकी करत होती. दवाखान्याची नव्हे, पुस्तकाची. नव्वदच्या पुढची गोष्ट. मूळची यवतमाळकडची. जिते स्टेशनात उतरून खोली शोधत आमच्या गावात आली. माझी बायको पारू जाऊन वर्ष झालं नव्हतं. घरात मी एकटा. पडवीची खोली दिली. लोक बोलले. बोलू देत. ती मुलीच्या वयाची, आणि आम्हाला मुलगी नव्हती.

भात मी करायचो, कालवण ती बिघडवायची. "एवढं तिखट?" म्हटलं की म्हणायची, "मिठाचंच गाव तुमचं, चव मलाच आणावी लागते ना जी काका."

रोह्याजवळ वरसे गावात तेव्हा भाताच्या शेतात घरं उठत होती. तिथं मला घेऊन गेली. दिसेल त्या म्हाताऱ्याला एकच विचारायची, "इथं आधी काय होतं जी?" लोक कंटाळायचे, ही नाय.

एक दिवस तिनं मुंबईहून, कंप्युटरवर काढलेला रंगीत नकाशा आणला. वरून उपग्रहानं घेतलेल्या फोटोवरून केलेला. पेण तांबडं, आणि आमचा सगळा खार पांढरा.

"हे पांढरं काय?"

"रिकामी जागा, काका. पेण वाढलं की इकडेच येईल."

"रिकामी? फोटो कधीचा?"

"मे महिन्यातला."

"मेमध्ये खारात पीक नसतं. मीठ फुटून जमीन पांढरी पडते. तुझ्या उपग्रहाला म्हणावं, भाताच्या दिवसांत ये."

ती हसली. मला हसू नाय आलं. मी नकाशावर बोट ठेवलं. "हितं उधाणानं बांध फुटला. फुटल्या जागेला आम्ही खांड म्हणतो. खांड गेली की घरटी एक माणूस चिखल टाकायला गेलाच पाहिजे. आमच्या घरातून जायचं होतं मला. मी डोलवीला कंपनीत शिफ्टला गेलो. पारू गेली. दिवसभर छातीभर पाण्यात उभी. खांड बुजली, आणि चौथ्या दिवशी ती तापानं गेली. गाव त्या जागेला पारूची खांड म्हणतो. तू म्हणतेस रिकामी."

हे मी आधी कुणाला बोललो नव्हतो.

तिनं नकाशाची गुंडाळी केली. सकाळी बघतो तर खिशात खडे भरत होती. "सगळं परत मोजते."

पुस्तक दोन महिन्यांत द्यायचं होतं. तिचे मुंबईचे सर भडकले. म्हणाले, शेतांना नंबर टाक, नावं कशाला? ऐकायचं नसेल तर दुसरा गुरू बघ. मीच घाबरलो. म्हटलं, "बाय, दे टाकून नंबर. तुझी डॉक्टरकी जाईल."

"न चालता रेघ मारली तर ती खोटी साक्ष होते जी काका."

आणखी एक वर्ष ती चालली. पुढं मी काठी घेऊन, शेताशेताचं नाव सांगत. मागं ती, मनात आकडे. तेवढं वर्ष माझ्या घरात बोलणं होतं.

मग गेली. जिते स्टेशनात पिशवी मी धरली होती. गाडी दिसली तशी ती मी खाली ठेवली, आणि तिनं दोन्ही खिसे माझ्या ओंजळीत रिकामे केले. "बांधाचे आहेत, बांधावर टाका." मी मान डोलावली. गाडी सुटायच्या आत मागं फिरलो. उभं राहवत नव्हतं.

पुढं एक जाड पुस्तक टपालानं आलं. म्हणजे डॉक्टर झाली. सगळं इंग्रजी. मी चौथी शिकलेला. पण आत घडी घातलेला नकाशा होता. खार त्यात पांढरा नव्हता. त्यावर बारीक मराठी अक्षरं होती, तिच्या हातची. शोधायला वेळ लागला. पारूची खांड.

पारूला वाचता येत नव्हतं. ती असती तर मलाच वाचून दाखवावं लागलं असतं. म्हणून वाचतो. दोनच शब्द हायत, पण मोठ्यानं वाचतो.