कूस बदलायची वेळ

काका कोलकात्यात गार्डन रीचच्या रेल्वे ऑफिसातून निवृत्त झालेले. पक्षाघातानं एक बाजू लुळी पडली, वाचा गेली, म्हणून आमच्या वॉर्डात आले. अशा माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर अंगाखाली दबलेली कातडी मरते. हे आमच्यातली सगळ्यात नवी नर्ससुद्धा झोपेत सांगेल. माहिती नसते कुणाला? घोडं अडतं ते पुढे.

वळवलं की काका कण्हायचे आणि काकूंना ते बघवायचं नाही. नर्स आली की त्या पलंगाला आडव्या. "अभी अभी आँख लगी है, बाद में आओ." बाद में म्हणजे कधी, कपाळ! पोरी निमूट परत जायच्या. प्रायव्हेट हॉस्पिटल, पेशंट पार्टी, म्हणजे नातेवाईक, नाराज झाली की ऑफिसातून बोलावणं येतं. नोकरी कुणाला नकोय?

मी कोलकात्यातच वाढलेली असले तरी त्यांच्यासारखीच मराठी आहे, म्हणून माझ्यावर काकूंचा भारी जीव. त्यावर मी पाणी सोडलं होतं. "काकू, व्हा बाजूला! झोपमोड झाली तर परत झोपतील, पाठ फुटली तर काय करणार आहात?"

"अगं, तू आपल्यातली ना? मग थोडी तरी माया कर की त्यांच्यावर."

त्या रडायच्या, मी ओरडायचे आणि काकांना वळवायचे. माझी ड्यूटी संपली की पुन्हा काकूंचंच राज्य.

सुट्टीवरून परत आले तर माकडहाडावर लाल चट्टा. बोटानं दाबला तरी लाली हटेना. म्हणजे आतली कातडी मरायला लागली होती. आणि काकू शेजारी बसून त्यावर खोबरेल तेल चोळत होत्या, अगदी मायेनं. चोळल्यानं आतलं मांस आणखी फाटतं. मी बाटली हिसकावून घेतली आणि जे तोंडाला येईल ते बोलले.

मग हवेची गादी आली. काकूंनी अडवणंही सोडलं. पण आत सडायला लागलं होतं. चट्ट्याची जखम झाली, जखमेचा खड्डा. ड्रेसिंग करताना मास्कमधूनही वास यायचा. काका तोंड वासून विव्हळायचे आणि काकू बाहेर बाकावर कान झाकून बसायच्या. जंतू रक्तात गेले, ताप उतरेना, आणि एका दुपारी काका गेले.

मुलगा न्यू टाउनच्या ऑफिसातून धावत आला. बापाची पाठ बघून आमच्या अंगावरच आला. "करता काय तुम्ही लोक दिवसभर?"

काकूंनी त्याचा हात धरला. "त्यांना बोलू नकोस. मीच कुणाला हात लावू दिला नाही."

मग माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, आता गळ्यात पडून रडतील. त्यांच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं.

"तुला सगळं कळत होतं. मग मला हाताला धरून बाहेर का नाही काढलंस गं?"

खरंच, का नाही काढलं? एवढीशी तर बाई होती ती.