ट्रकमध्ये न चढलेला टीव्ही

आमच्या ट्रॉय शहरात एका शनिवारी शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये विजेच्या जुन्या वस्तू रिसायकलिंगसाठी घेऊन ट्रकमध्ये भरत होते. आम्ही अमेरिकेत आल्यावर घेतलेला पहिला टीव्ही तिथे नेला. केशरी जॅकेट घातलेल्या एक गोऱ्या आजी प्रत्येक वस्तू उतरवून घेताना तिला हलकेच थोपटत होत्या.

"चालू आहे रे अजून. तोडतील ना?" बायको हळहळली.

मी आजींना तसं सांगितलं. त्यांनी लांब वायर ओढून टीव्ही लावला. पडद्यावर मुंग्या दिसताच त्या खुलल्या.

"चालू वस्तू मी ट्रकमध्ये चढू देत नाही," त्या म्हणाल्या. रांगेत आमच्या मागच्या गाडीतल्या बाईंनी बंद पडलेला टीव्ही आणला होता. आजींनी त्यांना विचारलं, "हा नेता का?"

बाई लगेच तयार झाल्या. व्हॉल्यूमचं बटण जोरात दाबावं लागतं, हे बायकोने त्यांना दोनदा समजावलं. रांग खोळंबली होती. आजी मात्र शेजारी उभ्या राहून, जणू ती आपल्यालाच सांगतेय अशी, मन लावून मान डोलवत होत्या.