कपाटातलं ऊन

सोलापुरात उन्हाबद्दल तक्रार करणारा माणूस कच्चा समजला जातो. पुण्याचा पाहुणा घाम पुसायला लागला की यजमानाचा चेहरा असा खुलतो, जणू हे ऊन त्यानंच राबून तापवलंय. "हे काय ऊन म्हणायचं? आमच्या लहानपणी बघायला पाहिजे होतं तुम्ही," असं म्हणत तो स्वतः मात्र कूलरच्या पुढ्यात सरकतो. मीही याच गावचा. जुळे सोलापूर या उपनगरात फ्लॅट आहे, शहरातल्या एका खासगी शाळेत सव्वीस वर्षं भूगोल शिकवतोय, आणि वरच्या वर्गांना 'हवामान बदलाचे शास्त्रीय पुरावे' दरवर्षी फेब्रुवारीत उरकतो.

उरकतो हाच शब्द बरोबर आहे. पुरावे मुलांना तोंडपाठ असतात. हिमनद्या वितळतात, समुद्राची पातळी वाढते, ध्रुवावरचा बर्फ कमी होतो. माझ्या वर्गात समुद्र बघितलेली मुलं बोटावर मोजण्याइतकी, आणि हिमनदी तर मीही चित्रातच बघितलीय. पण चार पुरावे लिहिले की चार मार्क मिळतात. डोक्यावरचा पत्रा दुपारी कडकड वाजतो, तो कुणी पुराव्यात लिहीत नाही. पुस्तकात नाही ना तो!

पत्रा म्हणजे आमच्या पाचवीच्या वर्गाची शेड. ती तात्पुरती बांधलीय. मी नोकरीला लागलो तेव्हाही ती तात्पुरतीच होती. यंदा मार्च लागला आणि पाचवीतल्या एका मुलीचा घोळणा फुटायला लागला. एका आठवड्यात तीनदा! मी फळ्यावर नकाशा काढतोय, मागं गलका झाला, वळून बघतो तर पोरगी नाक दाबून बसलेली आणि गणवेशावर रक्त. शिपाईमामा धावत आले. त्यांनी तिच्या टाळूवर पाणी थापलं आणि कांदा फोडून नाकाशी धरला.

"सर, हितं मोठं माणूस बसत न्हाय, लेकरं काय बसवताय?" मामा माझ्यावरच खेकसले.

मलाही चेव आला. पाचवीचा वर्ग ग्रंथालयाच्या हॉलमध्ये हलवावा असा अर्ज लिहिला. सोबत वर्तमानपत्रांची कात्रणं जोडली, शहराच्या तापमानाचे आकडे जोडले. संस्थेच्या सचिवांनी तो मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये, एसीखाली बसून, चष्मा लावून वाचला.

"सर, हे गावाचं झालं," ते म्हणाले. "आपल्या शाळेत ऊन वाढलंय याला शास्त्रीय पुरावा काय? आपल्याकडं हवामान नोंदवही आहे की! काढा बरं ती."

मी वही काढून दिली, पण नाइलाजानं. का, ते सांगतो.

शाळेनं फार पूर्वी एक तापमापक घेतला होता. रोज दुपारी दोनला आवारातलं तापमान बघायचं आणि वहीत लिहायचं, हे काम भूगोलाच्या शिक्षकाचं. पण तापमापक पडला डेड स्टॉकमध्ये. ज्यानं शाळेत नोकरी केली नाही त्याला या शब्दाची दहशत कळायची नाही. डेड स्टॉक म्हणजे शाळेच्या मालकीच्या चीजवस्तूंची यादी. त्यातलं काही फुटलं की ज्याच्या ताब्यात ते होतं त्यानं खुलासे देत बसायचं. एका पृथ्वीगोलाचा अक्ष मोडला तर मी तीन प्रतींत खुलासा दिलाय. मग काचेची नळी उन्हात टांगायला आम्ही काय खुळे? माझ्या आधीच्या सरांनी तापमापक कापसात गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवला होता. निवृत्त होताना त्यांनी मला किल्ली दिली आणि युक्तीही दिली. मागच्या वर्षीचं पान उघडायचं आणि तारखेसमोरचा आकडा नवीन पानावर उतरवायचा. झालं!

मी तो वसा इमानानं चालवला. तारखेबरहुकूम उतरवल्यामुळं आमच्या वहीत रविवारच्याही नोंदी आहेत. टाळेबंदीत शाळेला कुलूप होतं, आवारात कुत्रंही फिरकत नव्हतं, तरी दुपारी दोनचं तापमान रोज हजर! आणि प्रत्येक तपासणीला शिक्षण खात्याच्या साहेबांनी हिरव्या शाईनं 'पाहिले' असं लिहून खाली सही ठोकलीय.

सचिवांनी वही चाळली. जसजशी पानं उलटत गेली तसतसा त्यांचा चेहरा फुलत गेला. "बघा! तुम्ही लागलात तेव्हा पंधरा मार्चला अडतीस, आणि गेल्या वर्षीही अडतीस. जगात काय व्हायचं ते होवो, आपल्या शाळेत हवामान बदललेलं नाही." मुख्याध्यापकांनी मान डोलावली. वही परत देताना सचिव म्हणाले, "अक्षर मात्र झकास आहे हं तुमचं."

मी "थँक्यू सर" म्हणालो. खरंच म्हणालो. निवृत्तीला चार वर्षं राहिलेली, पेन्शन डोळ्यासमोर, बोलणार काय कपाळ!

मुलगी शाळेत यायची बंद झाली. चार दिवसांनी तिची आई मला भेटायला आली. ती टॉवेलच्या कारखान्यात शिवणीला जाते. अर्धा दिवस बुडवून आली होती.

"सर, पोरीला घरीच ठिवावं म्हंते," ती म्हणाली. "ऑफिसात म्हणले, ऊन पैल्यापासनं एवडंच हाय, वहीत लिवलंय, तुमची पोरगीच नाजूक हाय. दवाखान्यात दावली, तर तितं काय निगालं न्हाय. आमच्यात कुणी असं नाजूक न्हाय ओ. कशानं झाली असंल?"

ती मला विचारत होती! मी शिकलेला, मला ठाऊक असणार म्हणून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या पोरीला नाजूक मी केलं होतं, झकास अक्षरात, स्टाफरूममधल्या पंख्याखाली बसून. आईला मी कसंबसं म्हणालो, "ताई, पोरगी ठणठणीत आहे. चार दिवस थांबा, काढू नका तिला."

त्याच दुपारी कपाट उघडलं. तापमापक कापसातून काढला आणि शेडमध्ये फळ्याच्या खिळ्याला टांगला.

"सर, फुटंल की ओ!" मामा म्हणाले.

"फुटू दे च्यायला," मी म्हणालो. पोरं खूश झाली, सर शिवी देतात हे त्यांना पहिल्यांदाच कळलं.

दोन वाजता पारा सेहेचाळिसावर होता. मी तो आकडा वहीत लिहिला. त्याखाली लिहिलं, 'यापूर्वीच्या माझ्या सर्व नोंदी तापमापक न पाहता केलेल्या आहेत,' आणि सही करून वही केबिनमध्ये नेऊन दिली.

मग काय विचारता! मुख्याध्यापकांना घाम फुटला, तोही एसीत. "अहो, पानापानावर तपासणीची सही आहे, नोंदी खोट्या कशा असतील? तुमची तब्येत बरी आहे ना?" सचिवांनी चौकशी लावली. चौकशी संपेपर्यंत शेडमधल्या कशालाही हात लागू नये म्हणून शेडला कुलूप ठोकलं. मग पाचवीला बसवणार कुठं? बसवलं ग्रंथालयाच्या हॉलमध्ये. अर्जानं जे झालं नाही ते कुलपानं एका दिवसात केलं.

मला कारणे दाखवा नोटीस आली, सात दिवसांत उत्तर द्यायचं होतं. बाकीचे प्रश्न नेहमीचेच होते, शेवटचा मात्र सचिवांनी स्वतः घातलेला दिसत होता. 'पूर्वीच्या नोंदी खोट्या असतील, तर शाळेत पूर्वी तापमान कमी होते याला आपल्याकडे पुरावा काय?' आधी मी मोठ्यानं हसलो. मग परत वाचलं. सचिवांनी आयुष्यात विचारलेला पहिला शास्त्रीय प्रश्न होता तो.

सोमवारी मुलगी आली. चौकशीसाठी झेरॉक्स ठेवून घेऊन वही माझ्याकडं परत आली होती, रोजची नोंद चुकू नये म्हणून. शाळेच्या लिंबाखाली मी पदरच्या पैशानं आणलेला नवा तापमापक टांगलाय, रोज दोनला जाऊन बघायचं काम तिला दिलं. ती पळत गेली, पळत आली, आणि जीभ बाहेर काढून वहीत आकडा लिहिला. मग मागची पानं उलटून बघायला लागली. ती मी सगळी लाल शाईनं खोडली होती.

"सर," तिनं विचारलं, "मागच्या वर्षी आजच्या दिवशी किती होतं?"

सगळा वर्ग माझ्याकडं बघत होता.

"माहीत नाही, बाळा," मी म्हणालो. "मी बघितलंच नव्हतं."