महानंदाअक्कांनी लपवलेला दात

महानंदाअक्का बाळांना न्हाऊ घालतात. बंगळुरूत, के. आर. पुरमच्या आमच्या भागात सकाळी सात ते दुपारी एक त्यांची चार घरं असायची, आणि चारही घरांत रीत एकच. आल्या की बांगड्या काढून नळावर अडकवायच्या, कोपरापर्यंत हात धुवायचे, न्हाणीघरात पाय लांब करून पाटावर बसायचं आणि पायांवर बाळाला पालथं घ्यायचं. मी पाण्यासाठी आणलेला थर्मामीटर त्यांनी पहिल्याच दिवशी उलटसुलट करून बघितला. "पाण्याला बी ताप येतोय व्हय वो?" म्हणाल्या आणि परत दिला.

वय पन्नाशीच्या पुढे. गाव बेळगावजवळच्या खानापूरकडचं, तिकडे बायकाही ‘जातो, करतो’ असंच बोलतात. नवरा गेल्यावर मुलीला, शिवलीलाला, घेऊन त्या बंगळुरूला आल्या. आधी कपड्यांच्या कारखान्यात शिलाई केली, डोळे दुखायला लागले तेव्हा हे काम धरलं. आजवर किती बाळं न्हाऊ घातली विचारलं की हसतात. "मोजलो न्हाई. पहिली पोरं आता मोटरसायकलवर फिरतात. मला वळखत बी न्हाईत."

माझी सिद्धी आठ महिन्यांची. रजा संपत आली होती, सोमवारपासून ऑफिस. अक्कांनी बाकीची घरं सोडून दिवसभर सिद्धीजवळ राहायचं ठरलं होतं. अवधूत आणि मी पुण्याहून इथे येऊन तीनच वर्षं झाली, दुसरं हक्काचं माणूस नाही. माझी नोकरी राहणार की जाणार, हे अक्कांवर होतं.

आणि नेमकी सिद्धी झोपेनाशी झाली. तासाभराने दचकून उठायची, मूठ तोंडात कोंबायची, कान ओढायची. मी फोनमध्ये वेळा लिहून ठेवू लागले. बारा दहा, एक, एक पन्नास. दात असतील म्हणून रोज तिच्या खालच्या हिरडीवरून बोट फिरवायची, कारण आधी खालचेच येतात असं सगळीकडे वाचलं होतं. खाली काहीच नव्हतं. मग मला कानाचं दुखणं वाटलं, मग आणखी काय काय. शेवटी मीच डॉक्टरांच्या मागे लागून तिचं रक्त तपासून घेतलं. त्या सुईला ती जी रडली, ते मला अजून ऐकू येतं.

गुरुवारी आंघोळ झाल्यावर अक्का तिला खिडकीपाशी पुसत होत्या. गुदगुल्या झाल्या म्हणून ती मोठ्याने हसली, आणि वरच्या हिरडीत मला दोन पांढऱ्या रेघा दिसल्या.

"अक्का, दात! वरचे!"

अक्कांनी पटकन तिच्या तोंडावर टॉवेल ओढला. "दिसलं व्हय तुमाला," त्या हळूच म्हणाल्या.

"म्हणजे? तुम्हाला माहीत होतं?"

"अकरा दिस झालं. तेल लावताना बोटाला लागलं."

"अकरा दिवस! मी तिला सुया टोचून आणल्या, अक्का! तुमच्यासमोर रडत होते मी."

त्यांनी सिद्धीला माझ्याकडे दिलं आणि भिंतीला टेकून बसल्या. वरचे दात आधी आले की मामाला वाईट, असं त्यांच्याकडे मानतात. आमच्याकडेही मानतात म्हणे, मी विसरून गेले होते. शिवलीलाचे वरचे आधी आले तेव्हा अक्कांनी आनंदाने गल्लीभर सांगितलं. महिन्याच्या आत त्यांचा भाऊ यल्लाप्पा मळणीच्या यंत्राजवळ पडला आणि पायाने अधू झाला. भावजय म्हणाली, तुझ्या पोरीनं खाल्लं. त्यानंतर भाऊ आला नाही. शिवलीलाच्या लग्नात मामाच्या जागी शेजारचे गृहस्थ उभे राहिले.

"तुमचा भाऊ हाय न्हवं पुण्याला? म्हणून सांगितलो न्हाई. म्हटलं, खालचे येऊ देत. एकदा चार झाले की कोण मोजतंय, वर आधी का खाली."

मला त्यांची दया आली आणि रागही गेला नाही. रात्री अवधूत म्हणाला, "आज दात लपवला, उद्या ताप लपवतील. पाळणाघर बघू या."

सुशांतला, माझ्या भावाला, फोन केला. तो आधी पोटभर हसला. "म्हणजे भाचीने माझी विकेट काढली!" मग थोडं थांबून म्हणाला, "त्यांना विचार, यावर मामाने काय करायचं असतं. मी शनिवारी येतो."

अक्कांनी सांगितलं, मामाने बाळाचा चेहरा आधी वाटीतल्या तेलात बघायचा, मग उचलून घ्यायचं आणि नवं झबलं घालायचं. शनिवारी सकाळी बसमधून उतरून सुशांत तसाच तेलाच्या वाटीसमोर बसला. अक्कांनी मागून सिद्धीला धरलं.

"अक्का, हिच्या शेजारी माझं टक्कल पण दिसतंय. तेही जाईल का?"

"त्येला उपाय न्हाई वो आमच्याकडं," अक्का म्हणाल्या, आणि हसता हसता पदराने डोळे पुसू लागल्या.

तो गेल्यावर मी सरळ विचारलं, "अक्का, उद्या ती पडली, ताप आला, तर मला कळेल का?"

अक्कांनी तेलाची वाटी बाजूला ठेवली. "मला भ्या वाटलं की मी गप बसतो," त्या म्हणाल्या. "सवय हाय ती. आता भ्या वाटलं की आधी फोन करतो. मग तुम्ही रागवा."

त्यांनी सहज "सांगतो की" म्हटलं असतं, तर मी पाळणाघर बघितलं असतं.

ही आजची, सोमवारची रात्र आहे. सिद्धी काल तीनदाच उठली. थंड पाण्यात पिळलेला स्वच्छ फडका चावायला द्या, असं अक्काही म्हणाल्या आणि डॉक्टरही. आज आत्तापर्यंत एकदाच उठली आहे. उद्या काय, माहीत नाही. खालचे दात अजून यायचेत. यल्लाप्पाला फोन करा म्हटलं, तर अक्का "बघू" एवढंच म्हणाल्या.

आज सकाळी अकरा वाजता मीटिंगमध्ये माझा फोन वाजला. अक्कांचा होता. बाहेर पळाले.

"ताई, घाबरू नका. सिद्धीपुट्टी रांगताना सोफ्यावर आपटली. ओठ स्वल्प सुजलाय, रगत न्हाई. आता हसायलीय. माझी चूक, मी दुधाकडं बघत होतो."

मागून सिद्धीचा आवाज येत होता. मी म्हणाले, "बरं, अक्का. बर्फ कपड्यात गुंडाळून लावा." आणि परत आत जाऊन बसले.

चार वाजेपर्यंत त्यांचे आणखी सहा फोन आले. शेवटचा शिंक आली म्हणून.